न विचारलेला प्रश्न : सॉफ्टवेअर चाचण्यांच्या प्रकारांचा इतिहास

१/२३
४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेंच गयानामधले कुरू हे प्रक्षेपणस्थळ. सकाळी साडेनऊनंतर युरोपचा नवा अग्निबाण ‘एरियान ५’ प्रथमच आकाशात झेपावला. त्याच्या पोटात पृथ्वीभोवतालच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करणारे चार ‘क्लस्टर’ उपग्रह होते. चाळिसाव्या सेकंदाच्या सुमारास, जेमतेम ३,७०० मीटर उंचीवर, तो एकाएकी कलला, मोडला आणि त्याचा स्फोट झाला. इंजिन ठणठणीत होते. दोष सॉफ्टवेअरमध्ये निघाला आणि ते सॉफ्टवेअर चाचण्यांत रीतसर उत्तीर्ण झालेले होते.

२/२३
मग उत्तीर्ण झालेले सॉफ्टवेअर आकाशात नापास कसे झाले? आजचा धागा या प्रश्नाच्या मागावर आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर सॉफ्टवेअर चाचण्यांचे इतके प्रकार का जन्मले, आणि प्रत्येक प्रकार नेमके काय तपासतो, हे आधी पाहावे लागेल. शेवटी आपण पुन्हा कुरूला येऊ.

३/२३
इतिहासाच्या धाग्यात सॉफ्टवेअर कशाला, असे कुणी विचारील. पण साधनचिकित्सेत आपण हेच करतो. कागद, शाई, मोडी वळण आणि शिक्का त्या काळचे आहेत का, हे बहिरंग परीक्षण. आतली हकीकत विश्वसनीय आहे का, हे अंतरंग परीक्षण. पत्र अस्सल ठरले म्हणून त्यातला मजकूर खरा ठरत नाही. दोन परीक्षा दोन वेगळे प्रश्न विचारतात. सॉफ्टवेअरच्या जगाला हा धडा मोठी किंमत मोजून शिकावा लागला.

४/२३
आरंभ केंब्रिजपासून करू. मे १९४९ मध्ये तिथे ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला. त्याचे प्रमुख शिल्पकार मॉरिस विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत त्या दिवसांतला एक क्षण नोंदवला आहे. जिन्यावरून जाता जाता त्यांच्या लक्षात आले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. यंत्र बांधणे अवघड आणि त्याला सूचना देणे सोपे, हा भ्रम यंत्र सुरू होताच ओसरला.

५/२३
त्याच वर्षी जूनमध्ये केंब्रिजलाच भरलेल्या परिषदेत ॲलन ट्यूरिंग यांनी मोठ्या प्रोग्रॅमची तपासणी कशी करावी, यावर एक छोटासा निबंध वाचला. त्यांची सूचना साधी होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठिकठिकाणी ‘इथे पोचेपर्यंत अमुक गोष्ट खरी असली पाहिजे’ अशी विधाने मांडून ठेवावीत. मग तपासणाऱ्याला एकेक विधान सुटे तपासता येते आणि त्यातून संपूर्ण प्रोग्रॅमची खात्री करता येते. मोठे काम तुकडे पाडून तपासण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

६/२३
तरीही पहिल्या दशकात ‘चाचणी’ असा स्वतंत्र विचार फारसा नव्हता. प्रोग्रॅम लिहायचा, चालवायचा, अडला की चूक काढायची. याला डीबगिंग म्हणत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक भेद स्पष्ट होऊ लागला. समोर आलेल्या बिघाडाचे कारण शोधणे हे डीबगिंग. अजून समोर न आलेला बिघाड मुद्दाम शोधायला निघणे ही चाचणी. पहिल्यात रोगी दाराशी आलेला असतो. दुसऱ्यात निरोगी दिसणाऱ्या माणसाची नाडी पाहायची असते.

७/२३
१९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’ने भरवलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरवरील संकटाची उघड चर्चा झाली. प्रकल्प लांबत होते, खर्च वाढत होता, चुका संपत नव्हत्या. पुढच्या वर्षी रोमच्या परिषदेत डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी एक मर्यादा दाखवून दिली. चाचणीतून चूक आहे हे सिद्ध होते. चूक नाही हे कधीच सिद्ध होत नाही. पुढचा सगळा इतिहास या विधानाच्या सावलीत घडला आहे.

८/२३
असे का, हे एका हिशेबाने कळते. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम घ्या. त्याला देता येतील अशा जोड्या होतात २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्यांहूनही अधिक. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. बहमनी राजवटीत कुणी ही तपासणी सुरू केली असती, तर ती आत्ता कुठे संपत आली असती. तीही एका बेरजेची. सगळे तपासता येत नाही, म्हणून काय तपासायचे हे निवडावे लागते. चाचण्यांचे प्रकार म्हणजे या निवडीच्या निरनिराळ्या रीती.

९/२३
१९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्स यांचे सॉफ्टवेअर चाचणीवरील पुस्तक आले आणि त्याने या कामाची दृष्टीच बदलली. प्रोग्रॅम बरोबर आहे हे दाखवण्यासाठी चाचणी करणारा माणूस नकळत सोपी उदाहरणे निवडतो. म्हणून त्यांनी हेतूच उलटा केला : चूक सापडावी याच इच्छेने चाचणी करा. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्यावर तो समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा प्रोग्रॅम तुम्ही कसा तपासाल?

१०/२३
३, ४, ५ देऊन पाहणे कुणालाही सुचते. पण १, २, ३ दिले तर? दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच, म्हणजे त्रिकोण होतच नाही. शून्य दिले तर? ऋण संख्या दिली तर? तीनऐवजी दोनच आकडे दिले तर? चुका बहुधा सीमेवर दबा धरून बसलेल्या असतात. म्हणून नेमक्या सीमेवरच्या आणि तिच्या अल्याडपल्याडच्या किमती तपासणे, हे बाउंडरी व्हॅल्यू तंत्र.

११/२३
आत न डोकावता, काय दिले आणि काय मिळाले एवढेच पाहणारी तपासणी म्हणजे ब्लॅक बॉक्स टेस्टिंग. तिचा प्रश्न : जे मागितले होते ते मिळाले का? आतला कोड उघडून त्यातली प्रत्येक वाट, प्रत्येक अट चालवून पाहणारी तपासणी म्हणजे व्हाइट बॉक्स टेस्टिंग. तिचा प्रश्न : लिहिलेले सगळे खरोखर चालवून पाहिले का? पहिलीला कधीच न चाललेली ओळ दिसत नाही. दुसरीला लिहायचीच राहून गेलेली ओळ दिसत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कुरूला उपयोगी पडेल.

१२/२३
दुसरी वाटणी पायऱ्यांची आहे.
युनिट टेस्टिंग : सुटा घटक आपले काम नीट करतो का?
इंटिग्रेशन टेस्टिंग : दोन घटक एकमेकांना जोडल्यावर एकाचे बोलणे दुसऱ्याला कळते का?
सिस्टिम टेस्टिंग : सर्व जोडून झाल्यावर संपूर्ण यंत्रणा खऱ्या परिस्थितीत टिकते का?
ॲक्सेप्टन्स टेस्टिंग : ज्याच्यासाठी हे बांधले, त्याला हवे होते ते हेच का?
चार पायऱ्या, चार प्रश्न. एक पायरी गाळून पुढची चढली तर काय होते, याची दोन भीषण उदाहरणे इतिहासात आहेत.

१३/२३
पहिले उदाहरण ‘थेरॅक-२५’चे. कॅनडातील ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीने बनवलेले हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र. आधीच्या ‘थेरॅक-२०’मध्ये धोक्याच्या वेळी किरण रोखणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक सुरक्षा होती. नव्या यंत्रात ती जबाबदारी मुख्यतः सॉफ्टवेअरवर सोपवली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला. त्यांतील काही जण त्यामुळेच दगावले.

१४/२३
टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये एका चालक महिलेने उपचाराचा प्रकार भरताना चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले. लगेच कर्सर वर नेऊन तिने ते सुधारले आणि भराभर पुढे गेली. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या अंदाजे शंभरपट मात्रा बसली होती. कंपनीच्या अभियंत्यांना तपासणीत काही सापडले नाही. एप्रिलमध्ये तिथेच तोच प्रकार पुन्हा घडला. दोन्ही रुग्ण त्याच वर्षी वारले.

१५/२३
मग रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती चालक महिला यांनी यंत्रापुढे बसून तो क्रम पुन्हा पुन्हा करून पाहिला. वेग हीच मेख होती. यंत्रातील चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात दुरुस्ती पूर्ण झाली, तर पडद्यावर ती दिसे, पण सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या भागाला तिचा पत्ताच लागत नसे. सावकाश टंकणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता. रोजच्या सरावाने हात बसलेल्या माणसाच्या हाती तो पडला.

१६/२३
पुढच्या चौकशीत दिसले, की या सॉफ्टवेअरच्या घटकांची सुटी चाचणी अगदी थोडी झाली होती. भिस्त होती ती संपूर्ण यंत्र चालवून पाहण्यावर. संपूर्ण यंत्र हजार वेळा नीट चालले, तरी आतल्या दोन भागांच्या वेळा एकदा चुकल्या की काय होते, हे त्यातून कळत नाही. तोच दोष ‘थेरॅक-२०’मध्येही होता, असे पुढे उघड झाले. तिथे यांत्रिक सुरक्षेने तो झाकून ठेवला होता.

१७/२३
हा दोष दूर करण्याचे काम चालू असतानाच जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे आणखी एक अपघात झाला. त्यामागे वेगळीच चूक निघाली. एक मोजणी एकाच बाइटमध्ये ठेवली होती. बाइटमध्ये २५५ च्या पुढे मावत नाही. २५६ व्या वेळी ती शून्य होई आणि त्या क्षणी सुरक्षेची एक तपासणी वगळली जाई. एक चूक सापडली म्हणजे चुका संपल्या, असे नसते. उलट १९७५ मध्येच फ्रेडरिक ब्रूक्स यांनी लिहून ठेवले होते, की एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. हेच रिग्रेशन टेस्टिंग. त्याचा प्रश्न : काल चालणारे आजही चालते का?

१८/२३
आणखी दोन प्रकार थोडक्यात. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ खुले झाले आणि गर्दीखाली कोलमडले. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. एकाला चालते ते लाखोंना एकदम चालेल का, हा लोड टेस्टिंगचा प्रश्न. निकालाच्या दिवशी पडद्याकडे डोळे लावून बसलेल्यांना तो वेगळा समजावायला नको.
१९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील बार्टन मिलर वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरत होते. खरखरीमुळे भलतीच अक्षरे उमटत आणि प्रोग्रॅम कोसळत. त्यातून त्यांनी प्रोग्रॅमवर मुद्दाम अर्थहीन मजकुराचा मारा करण्याचे तंत्र काढले : फझ टेस्टिंग. युनिक्सच्या तपासलेल्या प्रत्येक आवृत्तीत चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रोग्रॅम त्यापुढे टिकले नाहीत.

१९/२३
आता पुन्हा कुरू. अग्निबाणाची दिशा आणि वेग मोजणारी यंत्रणा आधीच्या ‘एरियान ४’मधून जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. तिच्यात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जाई. त्या रकान्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावते. अशा धोक्याच्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तिघांना नव्हते. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. ‘एरियान ४’च्या मार्गावर त्या तीन किमती कधीच मर्यादेबाहेर जाणार नव्हत्या. तो हिशेब त्या अग्निबाणापुरता बरोबरच होता.

२०/२३
पण ‘एरियान ५’चा क्षैतिज वेग पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या रकान्यात मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर. ती काही मिलिसेकंद आधीच बंद पडली होती. बंद पडताना पाठवलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने खरी मोजमापे समजून वाचला आणि नसलेली चूक सुधारण्यासाठी इंजिनांची तोंडे टोकापर्यंत वळवली. सर्वांत बोचरी गोष्ट पुढेच आहे. ही गणना जमिनीवर असतानाच उपयोगी होती. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद ती चालू राहत असे, ती केवळ ‘एरियान ४’च्या सोयीसाठी. ‘एरियान ५’ला तिची गरजच नव्हती.

२१/२३
फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ च्या अहवालात चाचण्यांचीही छाननी केली. सुटी यंत्रणा तपासली होती, पण नव्या मार्गाचे आकडे देऊन नव्हे. त्या यंत्रणेच्या मागणीपत्रात नव्या मार्गाची माहिती घालायचीच नाही, असे संबंधितांनी संगनमताने ठरवले होते. मागणीपत्रात जे नाही, ते ब्लॅक बॉक्स तपासणीला दिसणार कसे? आणि संपूर्ण अग्निबाणाच्या चाचणीत खऱ्या यंत्रणेच्या जागी तिची सॉफ्टवेअर-नक्कल बसवली होती, कारण ‘ती यंत्रणा आधीच उत्तीर्ण आहे’. खालच्या पायरीने वरच्या पायरीवर विश्वास टाकला, वरच्या पायरीने खालच्या.

२२/२३
अपघातानंतर तोच कोड खऱ्या मार्गाचे आकडे देऊन चालवला, तेव्हा जमिनीवरच तोच बिघाड जसाच्या तसा घडला. पुरवठादाराने किंवा स्वीकृतीच्या वेळी ही एक चाचणी घेतली असती तर दोष आधीच उघडा पडला असता, असे अहवाल स्पष्ट सांगतो. ‘थेरॅक’मध्ये संपूर्ण यंत्र तपासले, पण घटक सुटले. ‘एरियान’मध्ये घटक तपासला, पण संपूर्ण यंत्रणेत तो खऱ्या अर्थाने कधी बसवलाच नाही. दोन्हीकडे चाचण्या झाल्या होत्या. दोन्हीकडे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले गेले.

२३/२३
क्लस्टर उपग्रह पुन्हा बांधले गेले आणि २००० साली रशियन सोयुझ अग्निबाणांवरून अवकाशात गेले. ‘एरियान ५’ही सावरला, २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण त्याच कुरूहून त्यानेच वर नेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सवय उचलता येईल. एका काळात, एका संदर्भात खरे ठरलेले विधान आपण दुसऱ्या संदर्भात नेतो, तेव्हा त्याची परीक्षा नव्याने घ्यावी लागते. मग तो कोड असो, आकडा असो वा बखरीतली हकीकत. ‘तपासलेले आहे’ असे कुणी म्हणाले, की नम्रपणे विचारावे : कोणत्या प्रश्नासाठी?
तुमच्या वाचनात असे एखादे साधन आले आहे का, जे एका परीक्षेत उतरले आणि दुसरीत फसले? खाली जरूर लिहा.
#इतिहास #धागा